अवसेची घोंगडी

एका गावात घोंगडीवाल्यांची एक आळी होती. आळीत घरं चार, पण चारी घरांचे हात लागल्याशिवाय एक घोंगडी पुरी होत नसे. पहिल्या घरात दोघी जावा लोकर पिंजायच्या. दुसऱ्या घरात थोरली काकू सूत कातायची. तिसऱ्या घरात नागू चिंचोके शिजवून सुताला खळ द्यायचा. आणि चौथ्या घरात जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला माग. मागावर सिदबा बसायचा. त्याच्यासारखा सरळ काठ पंचक्रोशीत कुणाला विणता येत नसे, आणि ही गोष्ट सगळ्यांत जास्त ठाऊक होती ती सिदबालाच.

या आळीची एक जुनी रीत होती. अवसेला विकायचा माल काढायचा नाही. त्या दिवशी ज्याने त्याने दुसऱ्याच्या जागेवर बसायचं. नागू मागाच्या खड्ड्यात उतरायचा, काकू खळीचं भांडं ढवळायची, जावा चरख्यावर, आणि विणकर पिंजायला. दिवसभर नुसता हशा! खळीत गुठळ्या, सुतात गाठी, आणि शेवटी जी घोंगडी निघे तिचा काठ असा, जणू वाळूतून नागीण गेली. ती विकत कोण घेणार? ज्याने विणली त्याच्याच अंथरुणात जायची.

म्हातारा कारभारी वारला आणि आळीचा कारभार सिदबाकडे आला. पहिल्याच अवसेला तो म्हणाला, "हा पोरखेळ आता पुरे. ज्याचं काम त्यानं करावं. माझ्या मागाला दुसऱ्याचा हात लागलेला मला खपायचा नाही."

काकूने चरखा थांबवला. "बाबा, ही रीत खेळ म्हणून घातलेली नाही."

"मग कशाला घातलीय?"

"ते घालणाऱ्याला ठाऊक. मला एवढंच कळतं, की पावसाचं इरलं उन्हाळ्यात आढ्याला टांगून ठेवतात, चुलीत घालत नाहीत."

"मग तुझं इरलं तुझ्याच आढ्याला राहू दे, काकू," सिदबा हसून म्हणाला, आणि रीत मोडली.

मोडली म्हणजे त्याच्या घरापुरती. काकूच्या परसात तिच्या सासऱ्याचा एक खिळखिळा माग पडून होता. अवसेला जेवणं आटोपली की नागू नि दोघी जावा तिथे जमायची. खटखट ऐकू आली की सिदबा म्हणायचा, "चाललाय वाटतं पोरखेळ!" पण आळीत नव्याने कामाला लागलेली तरणी माणसं त्याच्या धाकाने तिकडे फिरकत नसत.

अशी तीन वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात गडावरचा हवालदार आळीत आला. "गडावर पहारेकरी साठ. चंपाषष्ठीच्या आत साठ घोंगड्या पोचवा. पोचल्या तर दरसालचं काम तुमचं. एक जरी कमी पडली, तर नदीपलीकडच्या आळीला."

त्या साली बाजार मंदा होता. हे काम गेलं असतं तर आळीला गाव सोडून पोटामागे फिरावं लागलं असतं. सगळी जोमाने लागली. दसऱ्याला सिदबा तीस घोंगड्या गडावर पोचवून आला. आला म्हणजे, आणावा लागला. उतरताना पायरीवरून पाय घसरला आणि उजवा हात मनगटात मोडला.

हाडवैद्याने कामट्या बांधल्या. "दीड महिना हा हात हलवायचा नाही."

सिदबा ओट्यावर बसून राहिला. संध्याकाळी नागू आला. सिदबा म्हणाला, "थांबू या. हात बरा होऊ दे, मग रात्रीचा दिवस करीन."

"दादा, तुमचा हात थांबेल. थंडी थांबायची नाही."

काकूही आली होती. मागाच्या खोलीच्या दाराला कडी होती, तिच्याकडे नुसती बघत राहिली.

सिदबाने त्या कडीकडे पाहिलं, मग कामट्यांकडे पाहिलं. शेवटी उठला आणि डाव्या हाताने कडी काढली. "उतर नागू खड्ड्यात. पण सुताचा धोटा जरा हळू फेक रे बाबा."

आता बघा, कसं झालं ते. नागू मागावर. काकू खळीवर. थोरली जाऊ चरख्यावर, आणि धाकटी काकूच्या परसातल्या जुन्या मागावर. घोंगड्या निघू लागल्या. सिदबाचा वेग नव्हता, पण माग बंद पडला नाही. अडलं ते तरण्यांपाशी. पिंजायला माणूस हवं, सूत ताणायला हवं, आणि ती म्हणत, "आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही." त्यांच्या हातून दोनदा मागावरच्या उभ्या सुताचा सगळा ताणा तुटला, आणि तो निस्तरण्यात आठवडा गेला. सिदबा खाली मान घालून ऐकत होता. शिकू कुणी दिलं नव्हतं, हे त्याला सांगायला नको होतं.

चंपाषष्ठीला दोन दिवस उरले तेव्हा मोजल्या. तिसांत पाच कमी.

मग काकू आत गेली आणि आपल्या अंथरुणातली वाकड्या काठाची घोंगडी घेऊन आली. नागूने आपली आणली. जावांनी तीन आणल्या. नदीवर धुतल्या, उन्हात वाळवल्या.

"ह्या न्यायच्या?" सिदबा म्हणाला. "हवालदार तोंडावर फेकील आपल्या!"

"फेकू दे," काकू म्हणाली. "थंडीच्या दिवसांत कुणी घोंगडी फेकून मारली तर तोटा कुणाचा?"

गडावर सिदबाने पाच घोंगड्या वेगळ्या ठेवल्या. "हवालदारसाहेब, पंचवीस नव्या. ह्या पाच आमच्या अंगावरच्या, धुतलेल्या. काठ वाकडे आहेत. लपवत नाही."

हवालदाराने एक उचलली, खांद्यावर घेतली आणि बुरजावर जाऊन उभा राहिला. वर वारा असा, की डोळ्यांतून पाणी यावं. बराच वेळ तो तिथेच राहिला. खाली आला तेव्हा घोंगडी त्याच्या अंगावरच होती.

"वारा काही काठ बघून येत नाही," तो म्हणाला. "साठ भरल्या. ही माझ्याकडेच राहू दे."

पुढच्या अवसेला आळीतली तरणी माणसं मागाच्या खोलीत शिरली, आणि कडी सिदबानेच काढून ठेवली होती. तो स्वतः खळीच्या भांड्यापाशी बसला होता. काकूने वाकून पाहिलं.

"ही खळ आहे का पिठलं?"

"हसू नकोस काकू," सिदबा कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "तुझ्यासारखं तीन वर्षं परसात शिकलेलो नाही मी."

तात्पर्य एवढंच: एकाचं काम दुसऱ्याला येत असेल तर एक हात मोडला म्हणून आळीचा माग बंद पडत नाही, पण ते काम शिकून घ्यायचं, ते सगळ्यांचे हात धड असतात तेव्हाच.