फुकटचं ऊन

सोलापुरात सूत रंगवायचा कारखाना चालवणाऱ्या अंबुबाई कुरापाटींना चादरींचे व्यापारी उंबरजे शेठ यांनी बजावलं, "परदेशी गिऱ्हाईक धूर चालवून घेत नाही. लाकडाची भट्टी बंद करा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो." काम गेलं असतं तर कारखान्याला टाळंच लागलं असतं. अंबुबाईंनी पाटल्या मोडल्या, छपरावर उन्हानं पाणी तापवणाऱ्या टाक्या बसवल्या आणि रंगाईचा दर थोडा वाढवून मागितला. शेठ खो खो हसले. "ऊन फुकट असतं, बाई! फुकटच्या मालाचे पैसे कसले मागता?"

अंबुबाई राग गिळून सूत रंगवत राहिल्या.

पुढे चादरी विकत घेणारा परदेशी पाहुणा आला. शेठनी मांडव घातला, सत्कार म्हणून अंबुबाईंच्या खांद्यावर त्यांनीच रंगवलेल्या सुताची चादर टाकली. चादरीला हिरव्या पानाचं लेबल होतं. शेठ माईकवर छाती फुगवून म्हणाले, "ही उन्हावर रंगलेली चादर! हे पान लागलं की साहेब दीडपट भाव देतात."

अंबुबाईंनी माईक ओढून घेतला. "शेठ, ऊन तर फुकट असतं. मग साहेबांकडून दीडपट कशाचे घेता?"

पाहुण्यासोबत आलेल्या दुभाषी मुलीनं ते जसंच्या तसं पाहुण्याला सांगितलं. पाहुणा शेठकडे बघत राहिला. शेठ चाचरत म्हणाले, "ते... टाक्यांचे घेतो."

"टाक्या माझ्या आहेत," अंबुबाई म्हणाल्या.

दर तिथल्या तिथे वाढला. महिनाअखेरीला वाढीव पैसे आले, पण त्यातून सत्काराच्या चादरीची किंमत कापलेली होती. तीही दीडपट भावानं.