झाकलेलं सूप

“मग उद्या पोरीला अंगणवाडीत धाडू की नको, माई?”

कांचनने मांडीवरच्या पोरीला थोपटत हे चौथ्यांदा विचारलं. तिच्या जिवाला घोर लागला होता. टेकडीवरच्या मठातल्या माई मात्र तिने आणलेले तांदूळ सुपात पसरून बसल्या होत्या. गुरुवारच्या प्रसादाचा शिधा ज्याने त्याने घरून निवडून आणायचा, ही मठाची रीत. तरी माई एकदा नजर घालायच्याच.

“का नको? छबूताईच आहे ना तिथं?”

“तीच तर! महिनाभर कचेरीपुढं धरणं धरून बसली होती त्या अंगणवाडीच्या बायांबरोबर. टीव्हीवर दगड मारताना दाखवलं. दिवसभर तेच, फिरून फिरून तेच. अशा बाईच्या हाती लेकरू कसं द्यायचं?”

“छबूनं मारला दगड?”

“तिनं नाही... त्यांच्यातल्याच दोघींनी. शितावरून भाताची परीक्षा, माई. डोळ्यांनी बघितलंय मी.”

“तुझी पोर जन्मली तेव्हा मूठभर होती. घरी येऊन येऊन वजन कोण करायचं?”

“छबूताई...”

“अन् बसल्या कशासाठी होत्या गं त्या?”

“ते... ते काही दाखवलं नाही.”

माईंची बोटं तांदळातून फिरली. सुपातून चार खडे निघाले. ते त्यांनी वाटीत टाकले अन् सुपावर फडकं पसरलं.

तेवढ्यात आळीतली मालनबाई आली. “आज कुणाचा शिधा, माई?”

“कांचनचा.” माईंनी वाटी पुढं केली.

“अगंबाई! देवाच्या दारी खडे? लेकराच्या घासातही हेच घालतेस का गं?”

कांचनच्या कानशिलांची आग झाली. “दोनदा निवडलेत मी! माई, फडकं काढा ना... सूप दाखवा की त्यांना!”

माईंनी फडक्यावर हात दाबून धरला. मालनबाई नाक मुरडत चुलीकडं गेली. आता ही आळीभर सांगत सुटणार.

कांचनचे डोळे भरून आले. “खोटं का दाखवलंत, माई?”

“खोटं?... खडे तुझ्याच तांदळातले.”

मांडीवरची पोर चुळबुळली. कांचनने वाटीतल्या चार खड्यांकडं बघितलं, मग झाकलेल्या सुपाकडं.

ती हळू आवाजात म्हणाली, “माई, त्या बाया... कशासाठी बसल्या होत्या हो?”

माईंनी सुपावरचं फडकं काढलं.

“मला काय विचारतेस? उद्या पोरीला सोडशील, तेव्हा छबूलाच विचार.”