केरबाच्या घरचं तेल

काशिगिर महाराजांचा मुक्काम तेव्हा बोरवणीस, कुंडाकाठच्या शिवालयात होता. रोज दिवेलागणीला कीर्तन उभं राही. त्या दिवशी समईत ज्या घरचं तेल, त्या घरधन्याचं नाव महाराज आरंभी मोठ्यानं पुकारीत, असा तिथला परिपाठ.

भिवराबाई वर्षभर त्या एका हाकेची वाट पाहत होती. तिचा नवरा केरबा तेलाचा घाणा चालवी. तो गेला, मागोमाग बैलही गेला. आता दाराशी येऊन "केरबा आहे का?" असं कोणी विचारीत नव्हतं. ते नाव एकदा चारचौघांत कानी पडावं, एवढ्यासाठी त्या माउलीनं बैलाच्या जागी स्वतःचा खांदा देऊन करडईचं तेल काढलं होतं.

तेलाची चरवी कडेवर घेऊन ती कुंडाच्या पायरीवर पाय धूत होती, तोच रावजी पाटील आले.

"काय गं भिवरे, इकडं कुठं?"

"आज आमच्या घरची पाळी, दादा."

"घर? अगं, घराला माणसं लागतात! तुझ्या चार भिंतींना कोण घर म्हणतं? हो मागं!"

त्यांनी काठी आडवी धरली. ती दचकून मागं सरली, शेवाळावर पाय घसरला, आणि हाय हाय! सगळी चरवी कुंडात उपडी झाली.

"वाढलंस माशांना!" पाटील हसले. सोबतचेही हसले, आणि सारे आत गेले.

भिवराबाई एकटीच बसून राहिली. पाण्यावर तेल तरंगत होतं. पाणी त्याला पोटात घेत नव्हतं, आणि त्याला जायला दुसरी जागा नव्हती.

आत पाटलांनी आपल्या घरचं तेल समईत ओतलं. पण महाराजांनी वीणेला हात लावला नाही.

"केरबाच्या घरचं तेल कुठं आहे?"

"ते सांडलं महाराज, कुंडात," पाटील म्हणाले.

"सांडलं. पण बुडालं तर नाही ना?" असं म्हणून महाराज एक पेटती वात घेऊन बाहेर आले. "आई, तुझ्याजवळ बसू का?" त्यांनी विचारलं, आणि ओल्या पायरीवरच बसले. वात त्यांनी अलगद पाण्यावर सोडली.

काय सांगावं ते नवल! कुंडभर पांगलेलं तेल थेंबाथेंबानं सरकत वातीपाशी गोळा झालं. वारा होता, पण ज्योत हलली नाही. काळ्या पाण्यावर उजेड पसरला. टाळकरी दारातच थबकले.

महाराज म्हणाले, "पाटील, आज नाव तुम्ही पुकारा."

फेटा पायरीवर ठेवून पाटलांनी भिवराबाईच्या पायांशी डोकं टेकलं. "चुकलो, माय," ते पुटपुटले. मग साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले, "आजचा दिवा केरबाच्या घरचा!"

भिवराबाईनं लगबगीनं डोईवरचा पदर सावरला, जणू बऱ्याच दिवसांनी दारात कुणी आलं होतं.