पांढरे खडे

त्या माळावर आडोसा म्हणून काही नव्हतं. झाड नव्हतं, झुडूप नव्हतं. होते ते नुसते करडे खडे, आणि त्या खड्यांत टिटव्या अंडी घालत. अंडीही खड्यांसारखीच करडी, ठिपक्यांची. अगदी जवळून गेलं तरी दिसायची नाहीत. न दिसणं हेच टिटव्यांचं घर होतं आणि तीच त्या घराची कडी.

तरीही कुणी वैरी जवळ आलाच, तर आईकडे एक शेवटचा उपाय असे. ती टिट्‌टिट् ओरडे, पंख मोडल्याचं सोंग करी आणि तो मातीत ओढत, लंगडत, घरट्यापासून लांब लांब जाई. वैऱ्याला वाटे, ही तर आयती सापडली. तो मागे लागे. पुरेसा लांब गेला की टिटवी भर्रकन उडून जाई. इकडे आईची हाक ऐकताच पिल्लं होती तिथं मातीला चिकटून बसत, हलत नसत, खडाच होऊन जात. सोंग फक्त वैऱ्यापुढे करायचं आणि त्याबद्दल कुठं बोलायचं नाही, एवढी एकच रीत होती.

त्या माळावर धोंडी नावाची टिटवी होती. तिची चार अंडी होती. मागच्या वर्षी तिचं एक अंडं घोरपडीनं खाल्लं होतं, तेव्हापासून तिच्या जिवाला थारा नव्हता. जरा काही हललं तरी ती उठून बघे. ऊन चढलं की तळ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणी आणि तशीच ओली अंड्यांवर बसे, म्हणजे ती तापणार नाहीत.

एका दुपारी मुंगूस आलं. धोंडीनं पंख ओढत त्याला पार तळ्याच्या बांधापर्यंत नेलं आणि मग उडाली. बांधावर बगळे आणि साळुंक्या बसल्या होत्या. असलं काही त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. "अगंबाई, केवढं लागलंय बिचारीला!" म्हणून एक साळुंकी तर रडायलाच लागली होती. टिटवी उडाली तशी ती रडता रडता हसली, आणि सगळा बांध पंख फडफडवू लागला.

तिथंच एक कोतवाल पक्षी होता. काळाभोर, लांब शेपटीचा. त्यानं टिटवीकडे पाहिलंच नाही. बघणारे पुढे सरकले तेव्हा त्यांच्या पायाखालच्या गवतातून किडे उडाले, ते त्यानं पाहिले. दोन हवेतच टिपले आणि मग तो धोंडीकडे आला.

"ताई, पुन्हा एकदा कराल?"

"मुंगूस तर गेलं."

"जाऊ द्या की. बघणारे आहेत ना."

धोंडी नाहीच म्हणणार होती. पण आजवर तिला कुणी पाहिलंच नव्हतं. अख्खा जन्म ती खड्यांत खडा होऊन राहिली होती. आता एवढे डोळे तिच्याकडे लागले होते आणि त्यांत पाणी होतं. तिनं पुन्हा पंख ओढला. रडणाऱ्या साळुंकीनं तळ्यातला एक पांढरा खडा चोचीत आणून तिच्यापुढे ठेवला.

मग ते रोजचंच झालं. दुपार कलली की बांध भरे. आणखी चार टिटव्या आल्या. जिचं सोंग आवडलं तिच्यापुढे बघणारे पांढरा खडा ठेवत. कोतवाल मधल्या दगडावर बसून एकेकीला बोलावी. गर्दी पुढेमागे झाली की गवतातून किडे उडत, ते तो टिपत राही. त्याचं अंग चांगलं भरलं.

काही दिवसांनी तो म्हणाला, "धोंडीताई, नुसता पंख आता पुरत नाही. मनात काय आहे ते पण सांगा की."

धोंडीनं मागच्या वर्षीच्या अंड्याचं सांगितलं. सांगताना तिला खरंच भरून आलं. बांधावर हुंदके फुटले. त्या दिवशी तिच्यापुढे सगळ्यांत जास्त खडे पडले. दुसऱ्या दिवशी तिनं तेच सांगितलं, तिसऱ्या दिवशीही. पुढे बांध जांभया द्यायला लागला, तेव्हा एका अंड्याची तिनं दोन केली.

माळावर एक म्हातारी टिटवी होती. तिला सगळे आत्याबाई म्हणत. ती म्हणाली, "पोरी, गेलेल्या लेकराला रोज उकरून काढतेस. त्याला पडू दे की निवांत."

"आत्याबाई, तुमच्यापुढे कुणी एक तरी खडा ठेवलाय का?" धोंडी म्हणाली.

म्हातारी वळून चालू लागली.

असाच एक दिवस कोल्हा आला. सगळ्यांनी उडायला पंख उघडले. पण तो काही न बोलता शेवटच्या रांगेच्या मागे बसला, पुढचे पाय जुळवून, शहाण्यासारखा. रोज येऊ लागला. "बघा, कोल्ह्याचंसुद्धा मन वळलं!" कोतवाल सगळ्यांना सांगे. टिटव्यांना वाटलं, आता कसली भीती?

"सगळ्यांत लक्ष देऊन तोच बघतो गं," आत्याबाई म्हणाली. पण तिचं ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

बघणाऱ्यांना आता धोंडीचं घरटं पाहायचं होतं. कोतवालानं वाट दाखवली. सगळे ओळीनं आले, वाकून अंडी पाहून गेले आणि जाताना घरट्याभोवती पांढरे खडे ठेवून गेले. करड्या माळावर ते पांढरं कडं लांबून चमकू लागलं. धोंडीचा घरधनी अंड्यांवर बसलेला होता.

"धोंडे, हे कुणाच्याही नजरेत भरेल," तो म्हणाला.

"भरावं म्हणूनच तर ठेवलंय."

"आणि आज पोट भिजवून आली नाहीस. अंडी तापलीत."

"आता आले की. आज दोनदा करायला लावलं त्यांनी."

तीन अंड्यांतून पिल्लं निघाली. चौथं आतच सुकून गेलं होतं. धोंडी त्याच्याजवळ बराच वेळ बसली. मग बांधावर गेली आणि तिनं तेही सांगितलं.

पिल्लं मोठी होऊ लागली. आईची टिट्‌टिट् हाक ती रोज ऐकत. हाक आली की बांधावर गर्दी होते, पंख फडफडतात, हे ती रोज बघत. अंड्यातून शिकून आलेलं हळूहळू पुसलं गेलं. हाक म्हणजे खेळ सुरू झाला, एवढंच त्यांना कळत होतं. हाक आली की ती लपायची सोडून धावत पुढे येत. धाकटी पिटकी तर आपला कापसाएवढा पंख मातीत ओढून दाखवी. "आईवरच गेलीय गं!" म्हणून साळुंक्या तिच्यापुढे बारके बारके खडे ठेवत. ते पाहून धोंडीचा ऊर भरून येई. पिटकीला अजून उडता येत नव्हतं.

त्या दिवशी बांध भरायच्या आधीच कोल्हा आला. बांधाकडे न येता तो सरळ त्या पांढऱ्या कड्याच्या रोखानं चालू लागला.

धोंडी ओरडली. त्याच्या नाकासमोर पडली, पंख ओढला, लंगडली, लोळली. कोल्ह्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"रोज बघतो की मी," तो चालता चालता म्हणाला.

घरधनी त्याच्या डोक्यावर झेपावत होता. कोल्हा नुसते कान हलवत होता. "खोटं नाही हो हे! खरंच आहे!" धोंडी बांधाकडे बघून किंचाळली. बांध आता भरत आला होता.

"आजच्यासारखं कधीच झालं नव्हतं बाई!" साळुंकी डोळे पुसत म्हणाली. सगळे पंख फडफडवू लागले.

आईची हाक ऐकून तिन्ही पिल्लं धावत कड्यात आली. मातीला चिकटली नाहीत. बांधाकडे तोंड करून उभी राहिली. पिटकीनं पंख ओढायला घेतला.

कोल्हा वाकला.

तो निघून गेल्यावर बांधावरचे सगळे खाली उतरले. कित्येकांना रडू आवरत नव्हतं. ते एकेक करून पुढे आले आणि प्रत्येकानं रिकाम्या घरट्यात एक एक पांढरा खडा ठेवला. घरटं काठोकाठ भरलं. लांबून पाहिलं तर कुणालाही वाटावं, अंडीच आहेत.

धोंडी उठली. तळ्यावर गेली. पोटाची पिसं नीट भिजवली आणि ओल्या अंगानं येऊन त्या खड्यांवर बसली.

सगळे पुन्हा बांधावर आपापल्या जागी जाऊन बसले. गवतातून किडे उडत होते. कोतवाल टिपत होता.

बराच वेळ गेला.

"अगं, ही उठत का नाही?" एका साळुंकीनं हळूच विचारलं.

"थांब गं," दुसरी म्हणाली. "आता उडेल बघ."