बरणीवरचा फोटो

मगदूम लोणचे कंपनीच्या प्रत्येक बरणीवर मालक आप्पासाहेबांचा मिशीला पीळ भरतानाचा फोटो असतो. आमच्या शेजारची वैजूताई कायदा शिकून तिथे वकिलाच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. वडिलांनी आधीच बजावलं होतं, "कंपनीची वकिली जमली नाही, तर मामाच्या कापडदुकानात बसायचं."

आप्पासाहेबांनी एक बरणी पुढे सरकवली. "पोरी, हा फोटो कुणाचा?"

"तुमचा, साहेब."

"म्हणजे कंपनी म्हणजे मीच. मी बोलेन तोच इथला कायदा. मग मला वकील कशाला हवा, ते पटवून दे. नाही जमलं, तर ही बरणी घे आणि घरी जा."

शेजारी उभे असलेले मॅनेजर गालात हसले. वैजूताईने बरणी हातात घेऊन नीट पाहिली.

"साहेब, समजा लोणच्यात खडा निघाला, गिऱ्हाइकाचा दात पडला आणि त्याने कंपनीवर दावा लावला. कंपनी म्हणजे तुम्हीच, तर भरपाईसाठी तुमचा बंगला विकायचा ना?"

आप्पासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "बंगल्याचा काय संबंध? तो माझा आहे. कंपनी वेगळी, मी वेगळा."

"हेच कोर्टात पटवून द्यायला वकील लागतो, साहेब."

आता मॅनेजर छताकडे बघू लागले. आप्पासाहेबांनी मिशी चाचपली. मग म्हणाले, "बरं. सोमवारपासून ये. मी तुला नेमलं."

"तुम्ही नाही, साहेब. कंपनीनं."

बरणी मात्र तिने घरी आणलीच. ते लोणचं आम्ही सगळ्यांनी फार जपून चावलं.