भिवऱ्याची जागा

रानगव्यांच्या खोऱ्यावर लांडग्यांचं राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. लांडगे येत आणि हवं ते वासरू उचलून नेत. गवे मान खाली घालून म्हणत, "भिवऱ्या परत येईल, मग बघा." लांडग्यांशी झुंजता झुंजता पडलेला तो वीर. त्याचा मान म्हणून कळपातली सर्वांत पुढची जागा कायम रिकामी ठेवत.

एकदा लांडग्यांची नजर सावळीच्या वासरावर पडली. "उद्या हे नेऊ," म्हणाले.

सावळी म्हाताऱ्या गोदीकडे धावली. "आजी, तू भिवऱ्याला पाहिलंयस. कधी येणार गं तो?"

गोदीने कळपाच्या पुढच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "तो पडला तेव्हा आम्ही सगळे त्याच्या मागे होतो, पोरी. मागेच राहिलो. ती जागा मानाची म्हणतो खरं, पण तिथे उभं राहायची कोणाची छाती झाली नाही."

सकाळी लांडगे आले, तर सावळी सर्वांत पुढे उभी.

"अगं, ती भिवऱ्याची जागा," कळप कुजबुजला.

"त्याचीच आहे. तो येईपर्यंत मी उभी राहते."

तिने शिंगं खाली केली. मागून गोदी खुरडत तिच्या शेजारी आली आणि मग अख्खा कळप पुढे सरकला.

लांडगे पळत सुटले ते खोऱ्याबाहेर जाऊनच थांबले. तिथे भेटेल त्याला सांगत होते, "भिवऱ्या परत आलाय."