खारीची शेपूट आणि तात्यांचं यंत्र

जंगलात बॅटरीवरची यंत्रं नुकतीच आली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. रेणू खारीला पिल्लं होणार होती आणि ढोलीला दार हवं होतं. सुतारपक्षी तात्यांनी ओढ्याकाठच्या दगडावर फळी ठेवली आणि बिजागरी बसवायला नवाकोरा विजेचा स्क्रू ड्रायव्हर काढला. म्हणाले, "चुटकीसरशी होईल बघ. तू फक्त फळी धर."

रेणूला धाकधूक वाटत होती, पण तात्यांना सांगायचं कसं? ती फळीवर वाकली.

ओढ्यातला खेकडा म्हणाला, "तात्या, फळी माझ्या नांग्यांत द्या. तिचा पंजा अगदी स्क्रूपाशी आहे आणि शेपूटही लोंबतेय."

"तिरकं चालणाऱ्याने सरळ कामात बोलू नये," असं म्हणत तात्यांनी बटण दाबलं.

स्क्रूवरून यंत्राचं टोक घसरलं. रेणूने पंजा कसाबसा मागे घेतला, पण शेपटीचे केस त्या गरगरत्या टोकाला गुंडाळले गेले. ती कळवळली. घाबरलेल्या तात्यांची पकड बटणावर आणखीच आवळली. तेवढ्यात खेकड्याने नांगी घालून बॅटरीच उपसून काढली.

शेपूट वाचली, मूठभर केस मात्र गेले. मग तात्यांनी फळी खेकड्यापुढे सरकवली आणि रेणूला म्हणाले, "शेपूट पाठीशी बांध पोरी, आणि त्या झाडाखाली जाऊन बस."

"आणि दार कधी होईल?" तिने विचारलं.

"होईल तेव्हा होईल," तात्या म्हणाले आणि यंत्र बाजूला ठेवून पहिला स्क्रू चोचीने हळूहळू फिरवू लागले.